दूध पाहावयास जाणारी माणसे

रविवारी सकाळी मुलांना घेऊन एखाद्या दूधशाळेस जावे, गव्हाणीशी उभ्या असलेल्या जनावरांची लांबच लांब रांग पाहावी, काचेपलीकडे फिरणाऱ्या बाटल्या पाहाव्या आणि परतताना प्रत्येकाच्या हाती आइस्क्रीमचा पेला असावा, ही सहल आज शहरातील कुटुंबास इतकी स्वाभाविक वाटते की तिला काही इतिहास असेल अशी शंकाही कोणास येत नाही. वस्तुतः ती फार अलीकडची आहे. शंभर वर्षांपूर्वीच्या एखाद्या गृहस्थास कोणी ‘चला, दूध पाहावयास जाऊ’ असे म्हटले असते, तर त्याने त्या माणसाच्या प्रकृतीची चौकशी केली असती. दूध परसात होते. पहाटे चरवीत पडणाऱ्या धारेच्या आवाजानेच घरातली मुले जागी होत. ज्यांच्या दारी जनावर नव्हते त्यांच्या दारी गवळी रतीब घालावयास येई, आणि पुष्कळदा म्हैसच दारात आणून डोळ्यांदेखत धार काढून देई.

माणूस एखादी गोष्ट मुद्दाम पाहावयास निघतो तेव्हा एक तर ती नवलाची असते, नाही तर तिच्यावरचा त्याचा विश्वास उडालेला असतो. दुधाच्या बाबतीत ही दोन्ही कारणे एकाच वेळी उभी राहिली. गाय दृष्टीआड झाली म्हणून ती नवलाची झाली. आणि दृष्टीआड झाली म्हणूनच तिच्या दुधाबद्दल मनात संशय शिरला. दूधशाळेची सहल ही ह्या संशयावरची तोड आहे. मुंबईने ती तोड मोठ्या प्रमाणावर करून दाखविली. परंतु त्याच प्रश्नाचे सर्वांत अवघड रूप पुढे आले ते मुंबईस नव्हे, तर जुन्या चांदा जिल्ह्यातील वरोऱ्याजवळच्या एका खडकाळ माळावर. तेथवर जाण्यापूर्वी ह्या जिल्ह्याची दुधाशी असलेली जुनी ओळख पाहणे अगत्याचे आहे. कारण ती इतर महाराष्ट्राहून निराळी आहे.

चंद्रपूर व गडचिरोली हे आज दोन जिल्हे आहेत. २६ ऑगस्ट १९८२ पूर्वी ते एकच होते. पश्चिमेस वर्धा नदीच्या काठची काळी जमीन आणि कोळशाच्या खाणी; मधून वैनगंगा; आणि तिच्या पलीकडे भामरागड, एटापल्लीचे दाट रान थेट इंद्रावतीपर्यंत पसरलेले. ह्या पूर्वेकडील रानात राहणारे माडिया लोक गुरे पाळतात, त्यांना नांगराला जुंपतात, सणासमारंभाला त्यांचा उपयोग करतात. पण परंपरेने ते गायीची धार काढीत नाहीत. भात, कोदो-कुटकी, मोहाची फुले, कंदमुळे, मासळी, शिकार, लाल मुंग्यांची चटणी असा त्यांचा आहार विविध आहे; दूध मात्र त्यात नाही. त्याचे कारण ते अगदी साधे सांगतात: गायीचे दूध वासराचे.

बाहेरून गेलेल्या पुष्कळ सुशिक्षितांनी ह्याची गणना अडाणीपणात केली. तसे म्हणण्यापूर्वी त्यांनी आपल्याच घरातील एक दिवस आठवावयास हवा होता. दिवाळी उंबरठ्याशी येते ती वसुबारसेने. त्या दिवशी सुवासिनी सवत्स धेनूची पूजा करतात, आणि उपवास करणाऱ्या स्त्रिया गायीचे दूध, दही, तूप काही तोंडात घालीत नाहीत. एक दिवसापुरते का होईना, दूध वासराचे हे आपणही कबूल करतो. माडिया ते वर्षाचे बाराही महिने कबूल करतात, एवढाच फरक. शिवाय शरीरशास्त्राचाही त्यांना पाठिंबा आहे. दुधातील साखर पचविणारा पाचकरस जगातील बहुसंख्य माणसांत बालपणानंतर कमी होत जातो. ज्या जमातींनी पिढ्यान् पिढ्या पशुपालन करून दुधावर गुजराण केली, त्यांतच तो मोठेपणीही टिकून राहिलेला अधिक आढळतो. ज्याच्या पूर्वजांनी दूध पिण्याचा परिपाठ ठेवला नाही त्याच्या पोटाला एकाएकी पेलाभर दूध सोसले नाही, तर त्यात नवल कसले?

मध्य भारतात दुधावर जगणाऱ्यांचाही एक जुना इतिहास आहे. गोंडांच्या आधी ह्या मुलखात गवळ्यांचे राज्य होते अशी आख्यायिका गावोगाव आढळते. देवगडच्या गोंड घराण्याची तर कथाच अशी की, जाटबा नावाच्या पुरुषाने तेथील गवळी राजांना मारून राज्य मिळविले. ती अक्षरशः खरी मानण्याचे कारण नाही. पण रान राखणारे आणि कुरण शोधणारे ह्या दोन जीवनपद्धतींचा कधीकाळी खटका उडाला असावा, एवढे तिच्यावरून ध्यानात येते. वर्धा-नागपूरकडची गौळाऊ गाय ही ह्या गवळ्यांचीच देणगी. अंगाने सडपातळ, रंगाने पांढरी, चालीला चपळ. तिचे बैल मराठी फौजांच्या सामानाच्या गाड्या ओढीत दौडले. दूध मात्र ती बेताचेच देते. जिचे बैल लढाईत कामास येतात, तिच्याकडून चरवी भरभरून दुधाची अपेक्षा करणे हे थोडे अप्रामाणिकपणाचेच म्हटले पाहिजे.

आता सहलीच्या दुसऱ्या अंगाकडे, म्हणजे थंडाव्याकडे वळू. उन्हाळ्यात चंद्रपूरचा पारा ४७ अंशांपर्यंत चढतो. अशा मुलखात सकाळचे दूध दुपारी नासणार हे ठरलेलेच. म्हणून ते तापवावे, विरजावे, त्याचे तूप कढवून ठेवावे ही घराघरांतील रीत. गार करण्याचे साधन काय, तर मातीचा माठ आणि वाळ्याचा पडदा. अकबराच्या दरबारी शोरा पाण्यात विरघळवून त्यात पिण्याच्या पाण्याची भांडी गार करीत, आणि हिमालयाकडून लाहोरास बर्फ आणवीत, ह्याची नोंद ‘आईन-इ-अकबरी’त आहे. पण बादशहाची गोष्ट निराळी.

सामान्य व्यवहारात बर्फ शिरले ते समुद्रमार्गे. बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरने तेथील गोठलेल्या तलावांतून कापलेले बर्फ भुशात गुंडाळून जहाजाने पाठविले. १८३३ साली ते कलकत्त्यास पोहोचले आणि पुढच्या वर्षी मुंबईस. मुंबईत मेजवानीला आइस्क्रीम वाढण्याचा पहिला मान जमशेटजी जीजीभाईंकडे जातो. मात्र मेजवानीनंतर यजमान व पाहुणे ह्या सर्वांना पडसे झाले, आणि ‘मुंबई समाचार’ने ह्या परक्या चैनीबद्दल त्यांना झाले ते योग्यच झाले अशा अर्थाचा शेरा मारला, असे त्या काळच्या हकिकतीत नमूद आहे. घरातील वडील मंडळी आइस्क्रीमकडे आजही ज्या नजरेने पाहतात तिची परंपरा अशी जुनी आणि छापील आहे.

पुढे बर्फ करण्याची यंत्रे आली आणि आगगाडीने ते देशाच्या आत शिरले. नागपुरास आगगाडी पोहोचली ती १८६७ साली; वर्ध्याहून वरोऱ्यापर्यंतचा फाटा त्यानंतरच्या दशकात, तेथील सरकारी कोळशाच्या खाणीसाठी निघाला. त्यानंतर सुखवस्तू घरांत लाकडी बादलीचे ते यंत्र दिसू लागले, ज्याला सगळे नुसते ‘पॉट’ म्हणत. मध्ये आटीव दुधाचे डबडे, भोवती बर्फ व जाडे मीठ, आणि वर दांडा. बर्फात मीठ मिसळले म्हणजे मिश्रणाची उष्णता शून्याखाली वीस अंशांच्या आसपास उतरू शकते. आतले दूध कडेने गोठू लागते. आणि दांडा सतत फिरता ठेवला तर त्याचे खडे न होता ते मऊ, फुलून येते. शास्त्र एवढेच. पण त्या दांड्याभोवती सगळे घर गोळा होई. पाळीपाळीने दांडा फिरवावयाचा, मध्येच झाकण उघडले तर खारे पाणी आत जाईल म्हणून मोठ्यांनी ओरडावयाचे, आणि पाव तासाच्या जागी तास लागावयाचा. नागपुरात १९३२ साली राणा नावाच्या पारशी बंधूंनी लहानसा दुधाचा व्यवसाय काढला व त्यातूनच ‘दिनशॉ’ हे नाव आइस्क्रीमशी कायमचे जोडले गेले. विदर्भातील पुष्कळ कुटुंबांच्या बाबतीत घरचा पॉट माळ्यावर जाण्याचे कारण हेच नाव होय.

थंडाव्याची अडचण अशी सुटत होती, त्याच काळात विश्वासाची अडचण वाढत होती. मुंबईसारख्या शहरात तिने टोक गाठले. शहर वाढले, जागा महागली, तरी दूध ताजे हवे; म्हणून हजारो म्हशी भरवस्तीतल्या तबेल्यांत कोंडून ठेविलेल्या. खाली चिखल व शेण, वर माश्या, शेजारी माणसांची बिऱ्हाडे. म्हैस गुजरात-काठियावाडाकडून विकत आणावयाची, एक वेत दूध काढावयाचे, आणि ती आटली म्हणजे कसायाला विकावयाची. कारण भाकड काळात शहरात तिला पोसण्याचा खर्च नव्या म्हशीच्या किमतीहून जड जाई. पारडू तर त्याआधीच उपासाने गेलेले असे. गिऱ्हाइकापर्यंत पोहोचणाऱ्या दुधात पाणी किती आणि ते कोणत्या नळाचे, हा विनोदाचा विषय झाला होता. पण विषमज्वराच्या साथीत तो विनोद राहत नसे. वासराचे दूध माणसाने घेणे बरोबर की नाही हा माडियांचा प्रश्न येथे कोणी विचारीत नव्हते. पण त्याचे उत्तर रोज तबेल्यांत दिले जात होते, आणि ते फार क्रूर होते.

महात्मा गांधींनी १९१२ साली दक्षिण आफ्रिकेत दूध सोडले, त्याला संयमाच्या विचाराबरोबर हेही एक कारण घडले: कलकत्त्याकडील गवळी अधिक दूध काढण्यासाठी जनावरांवर करीत असलेल्या ‘फुंका’ नामक अघोरी प्रकाराची माहिती. पुढे १९१९ साली मोठ्या दुखण्यातून उठताना त्यांनी शेळीचे दूध घेतले, आणि त्या तडजोडीची रुखरुख आत्मचरित्रात मोकळेपणाने मांडली. ह्याच गांधींनी १९२७ साली बंगलोरास प्रकृतीच्या विश्रांतीसाठी मुक्काम असता तेथील सरकारी दुग्धसंस्थेस भेटी दिल्या, गोपालनाची माहिती शिष्यासारखी बसून घेतली, आणि भेटीच्या पुस्तकात आपला व्यवसाय लिहिला ‘शेतकरी’. गोठा पाहावयास गेलेल्या हिंदी पाहुण्यांत हा सर्वांत गंभीर पाहुणा म्हटला पाहिजे. वर्ध्यास १९४१ साली जमनालाल बजाजांनी गोसेवा संघाचे काम अंगावर घेतले आणि स्वतः गोपुरीत झोपडी बांधून राहिले. फेब्रुवारी १९४२ मध्ये त्यांचा अंत झाला तेव्हा ते त्याच कामात होते. गाय शहरातून सोडवून तिला रानवारा दिला पाहिजे, हा विचार अशा रीतीने विदर्भात मूळ धरू लागला होता.

तो प्रत्यक्षात मोठ्या प्रमाणावर आणला दारा खुरोडी ह्या पारशी अधिकाऱ्याने, मुंबईत. १९४६ साली त्यांनी म्हशीच्या दाट दुधात साय काढलेल्या दुधाची भुकटी व पाणी मिसळून स्वस्त दूध विकावयास काढले. गवळी जे अंधारात करी तेच सरकार आता उजेडात, मोजून-मापून व जाहीर करून करीत आहे, अशी थट्टा त्यावर कोणी केली असेल तर ती अगदीच गैरलागू नव्हती. फरक होता तो मापाचा आणि जाहीरपणाचा. त्यानंतर १९४९ पासून गोरेगावजवळ आरे येथे तीन हजारांहून अधिक एकरांच्या टेकड्यांवर दूधवसाहत उभी राहिली. शहरातील तबेलेवाल्यांनी आपल्या म्हशी तेथे आणाव्या, गोठा, वैरण, पाणी व पशुवैद्य सरकारने पुरवावा, आणि दूध सरकारने घ्यावे, अशी योजना. सुमारे तीस गोठे आणि पंधरा-सोळा हजार म्हशी असा तो व्याप होता. ४ मार्च १९५१ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते तेथील दूधशाळेचे उद्घाटन झाले.

खुरोडींची दूरदृष्टी केवळ गोठे बांधण्यात नव्हती. लोकांनी ते पाहावे अशी सोय त्यांनी केली. रस्त्यांच्या कडेला झाडी लाविली, उंचवट्यावर निरीक्षणाचा मंडप बांधिला, बागा केल्या, आणि ‘छोटा काश्मीर’ नावाचे उपवन व नौकाविहाराचे तळे ह्यांनी वसाहतीला सहलीच्या ठिकाणाचे रूप आले. मुंबईच्या चाळींतून डबे बांधून कुटुंबे निघत. लोकलने गोरेगाव, तेथून बस. मुले प्रथमच एवढ्या म्हशी एके ठिकाणी पाहत. दूधशाळेत दूध ठराविक अंशांपर्यंत तापवून लगेच थंड करतात, मग बाटल्या धुतल्या जातात, भरल्या जातात, त्यांवर वर्खी टोपणे बसतात, हे सारे माणसाचा हात न लागता कसे होते ते आई-वडील काचेतून पाहत आणि मुलांना समजावून देण्याचा प्रयत्न करीत. शेवटी थंड सुगंधी दुधाची बाटली. ती पिऊन घरी परतलेली गृहिणी दुसऱ्या दिवशी आरेच्या केंद्रावर रांगेत उभी राहताना कालच्यापेक्षा निश्चिंत असे. वर्तमानपत्रातील कितीही जाहिरातींनी जे साधले नसते ते एका रविवारने साधे. १९६३ साली खुरोडी, त्रिभुवनदास पटेल व वर्गीज कुरियन ह्या तिघांना मिळून मॅगसेसे पारितोषिक देण्यात आले. आणंदच्या पुढील यशाच्या प्रकाशात मुंबईचा हा अधिकारी काहीसा विस्मृतीत गेला, हे न्याय्य झाले असे म्हणवत नाही.

आरेच्या काचेआड लोकांना जे मुख्यतः दाखवावयाचे होते ते हे की, ह्या दुधाला कोणाचा हात लागत नाही. आता जेथे दुधाला हातच लागणार, आणि तोही ज्या हाताची सबंध समाजाला धडकी भरते असा, तेथे काय करावे? हा प्रश्न घेऊन नेमक्या त्याच वर्षी एक मनुष्य वरोऱ्याजवळच्या माळावर जाऊन बसला.

मुरलीधर देवीदास आमटे, ज्यांना सारे बाबा म्हणून ओळखतात, हे हिंगणघाटला १९१४ साली सुखवस्तू घरात जन्मले. वकिली करीत, वरोऱ्याच्या नगरपालिकेचे उपाध्यक्ष झाले, आणि भंग्यांचे काम काय असते ते कळावे म्हणून स्वतः मैल्याच्या पाट्या डोक्यावरून वाहिल्या. पावसात भिजत पडलेल्या, बोटे झडलेल्या एका महारोग्याला पाहून हा निर्भय म्हणविणारा मनुष्य भ्याला व दूर पळाला. आणि त्या भीतीची लाज वाटून परत आला. पुढचे सारे आयुष्य त्या परत येण्यातून निघाले. वर्ध्याजवळ दत्तपूर येथे मनोहरजी दिवाणांनी १९३६ पासून चालविलेले काम त्यांनी पाहिले, कलकत्त्यास जाऊन ह्या रोगाचे शिक्षण घेतले, आणि १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापिली. सरकारने दिलेली जागा पन्नास एकर होती. म्हणजे कागदावर जमीन, प्रत्यक्षात दगड आणि काटेरी झुडपे. १९५१ साली विनोबांच्या हस्ते आनंदवनाचा आरंभ झाला. बाबा व साधनाताई, सहा रोगी, चौदा रुपये आणि एक लंगडी गाय, एवढे भांडवल.

त्या लंगड्या गायीचा उल्लेख आनंदवनाविषयी लिहिणारे सगळेच करतात, आणि बहुतेक करुणरसासाठी करतात. तिचा खरा अर्थ समजण्यासाठी एक कायदा माहीत असावा लागतो. १८९८ साली हिंदुस्थान सरकारने महारोग्यांविषयी कायदा केला. त्यातील नवव्या कलमाने प्रांतिक सरकारला असा अधिकार दिला होता की, हुकूम काढून ठरविलेल्या मुलखात महारोग्याने विक्रीसाठी अन्न वा पेय तयार करू नये किंवा विकू नये, सार्वजनिक विहिरीवर पाणी भरू नये, आगगाडीखेरीज भाड्याच्या गाडीत बसू नये. हुकूम न निघालेल्या ठिकाणी रूढी हेच कलम अधिक कडकपणे अमलात आणीत होती. अशा मनुष्याने गाय पाळणे, तिची धार काढणे, शेत पिकविणे हे कायद्याच्या व लोकमताच्या दृष्टीने त्याचे कामच नव्हते. त्याचे काम भीक मागणे. भिकेला बंदी नव्हती असे नाही. पण भीक घालणाऱ्याला ती सोयीची असते, कारण ती दुरून टाकता येते. दूध दुरून घेता येत नाही.

बाबांनी भीक नको म्हटले आणि काम मागितले. विहिरी खणल्या, दगड वेचले, धान्य व भाजीपाला पिकू लागला. दोनतीन वर्षांत आपल्या गरजेपेक्षा अधिक पिकू लागले तेव्हा माल बाजारात नेणे ओघानेच आले, आणि अडचण तेथेच उभी राहिली. वरोऱ्याच्या बाजारात ती भाजी कोणी घेईना. जेथे वांगी-टोमॅटोंची ही गत, तेथे दुधाची काय कथा सांगावी! दूध हा तर सर्वांत हळवा पदार्थ. लेकराच्या तोंडी लावावयाचा.

शास्त्र ह्या बाबतीत काय म्हणत होते? महारोगाचा जंतू दुधातून किंवा भाजीतून पसरत नाही. तो पसरतो तो उपचार न झालेल्या, संसर्ग होण्याजोग्या रोग्याच्या दीर्घ सहवासातून, मुख्यतः श्वासावाटे. आणि बहुतेक माणसांच्या अंगी त्याला तोंड देण्याची शक्ती उपजतच असते. १९४० नंतरच्या दशकात सल्फोन जातीची औषधे उपयोगात येऊ लागल्यापासून तर रोग आटोक्यात येऊ लागला होता. उलट क्षय, विषमज्वर, घटसर्प हे रोग कच्च्या दुधातून येऊ शकतात, आणि ते येत होते ते धडधाकट हातांच्या, नात्यागोत्यातल्या, रोज राम राम करणाऱ्या गवळ्याच्या चरवीतूनही. म्हणजे ज्या दुधाची भीती बाळगावयाची ते आनंदाने घेतले जात होते, आणि ज्याला भिण्याचे कारण नव्हते त्याच्या वाऱ्याला कोणी उभे राहत नव्हते. पण असे व्याख्यान बाजारात उभे राहून दिल्याने एक जुडी मेथीदेखील विकली गेली नसती.

ही कोंडी फुटली ती, आरेप्रमाणेच, लोकांनी डोळ्यांनी पाहिले तेव्हा. १९५४ साली आंतरराष्ट्रीय श्रमसेवकांच्या एका संघटनेचे अनेक देशांतील सुमारे पन्नास तरुण-तरुणी आनंदवनात येऊन राहिल्या. काही महिने त्यांनी रोग्यांच्या खांद्याला खांदा लावून रुग्णालयाच्या इमारती बांधल्या. तेथेच पिकलेले, तेथल्याच हातांनी रांधलेले अन्न त्या खात. वरोऱ्याची मंडळी प्रथम गोऱ्या माणसांचे नवल म्हणून आली. रस्त्यावरून पाहिले, मग कुंपणापाशी आली, मग आत. दूरदेशीचे शिकलेसवरलेले लोक हे अन्न खातात आणि त्यांना काही होत नाही, हे महिनोन् महिने पाहिल्यावर भाजीला गिऱ्हाईक मिळू लागले. आपल्या शेजाऱ्यावर विश्वास ठेवण्यासाठी आपल्याला परदेशीयांची साक्ष लागावी, हे काही भूषणावह नाही. परंतु बाबांना भूषणाशी नव्हे, बाजाराशी कर्तव्य होते.

येथून पुढे आनंदवन हे पाहावयास जाण्याचे ठिकाण झाले. १९६४ साली तेथे महाविद्यालय निघाले. त्याची इमारत रोगमुक्तांनी बांधली आणि तीत शिकावयास आली ती वरोऱ्याच्या व भोवतालच्या गावांतील निरोगी मुले. ज्यांच्या आजोबांनी त्या दिशेचा वारा टाळला होता तीच. १९६७ साली मूल तालुक्यात सोमनाथचा प्रकल्प सुरू झाला, आणि तेथील श्रमसंस्कार छावणीस महाराष्ट्रभरचे तरुण दर उन्हाळ्यात जाऊ लागले. १९७३ साली ह्याच कुटुंबाची पुढची पिढी, डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे, भामरागडजवळ हेमलकशास जाऊन राहिली. ज्यांच्या लेखी दूध वासराचे, त्या माडियांच्या मुलखात. लंगड्या गायीपासून निघालेली वाट गायीचे दूध न काढणाऱ्यांच्या दारी पोहोचली, आणि तेथे तिने दुधाचा उपदेश करण्याऐवजी दवाखाना उघडला, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

नागपूर-चंद्रपूर रस्त्याने जाणारी कुटुंबे आज वरोऱ्यास वळतात. मुलांना घेऊन हातमाग पाहतात, शेते पाहतात, गोठ्यापाशी थांबतात. आरेसारखी काच येथे नाही. जे आहे ते हातांनी केलेले, आणि ते हात पाहुण्यापासून लपविलेले नाहीत. पाहुण्यांपैकी पुष्कळजण पुढे जाताना चंद्रपूरला किंवा परतताना नागपूरला आइस्क्रीमसाठी उतरतात, आणि मुलांच्या लेखी सहलीचा तोच भाग मुख्य असतो. त्यात वावगे काही नाही. २०१६ पासून राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने विदर्भ-मराठवाड्यातील ज्या अकरा जिल्ह्यांत दूधसंकलनाचे काम हाती घेतले त्यांत चंद्रपूरही होता. तेव्हा त्या पेल्यातील दूध कदाचित ह्याच मातीतले असेल.

त्याच २०१६ साली आणखी एक गोष्ट घडली, जिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. निरुपयोगी झालेले जुने कायदे रद्द करणारा एक लांबलचक कायदा संसदेने संमत केला, आणि त्याच्या परिशिष्टात इतर अनेकांच्या रांगेत १८९८चा महारोग्यांविषयीचा कायदाही होता. बाबा आमटे ९ फेब्रुवारी २००८ रोजी निवर्तले होते. लंगडी गाय तर त्याच्या कितीतरी आधी. महारोग्याने विक्रीसाठी अन्न वा पेय तयार करू नये असे म्हणणारे नववे कलम कागदावरून पुसले गेले, तेव्हा आनंदवनात गाय बांधल्याला पासष्ट वर्षे झाली होती.